रविवारच्या दुरुस्ती शिबिरासाठी मदत हवी आहे

बडोदेकर मंडळींना सप्रेम नमस्कार.

गोरवा आणि तरसालीच्या आयटीआयमधली मुलंमुली दर रविवारी दांडिया बाजारातल्या आपल्या मंडळाच्या हॉलवर जमतात आणि लोकांचे पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करून देतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. शिबिर चालवणारी समितीही त्यांचीच आहे, हे मात्र फारसं कुणाला माहीत नाही. कामं कोणी कोणाला वाटायची, सुट्या भागांचा हिशेब कोणी ठेवायचा, मिक्सर पुन्हा बंद पडला म्हणून चिडून आलेल्या काकूंशी कोणी बोलायचं, हे सगळं ती बैठकीत ठरवतात. भांडतातही. भांडण मिटवून इतिवृत्त लिहितात, तेव्हा आम्हाला जास्त आनंद होतो.

वर्कशॉपमध्ये कानस धरायला शिकवतात, चार माणसांकडून काम करून घ्यायला कोणी शिकवत नाही. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) लागलेल्या हुशार फिटरच्या हाताखाली हेल्पर येतात आणि तो नेमका तिथेच अडतो. समितीत ते जमू लागतं, आणि उद्या वेल्डरला कोणी गॉगलशिवाय काम करायला लावलं, तर ‘नाही’ म्हणायचीही सवय लागते. वेल्डरचा कोर्स एका वर्षाचा, फिटर-इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. मूल समितीत रुळेपर्यंत परीक्षा येते. म्हणून मावळत्या चिटणीसाने पुढचं वर्षभर नव्याच्या शेजारी बसावं, असा नियम मुलांनीच केला आहे. पण तोवर तो अप्रेंटिस झालेला असतो, आणि येण्याजाण्याचं भाडं त्याच्या खिशाला जड जातं.

१८९० साली सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली आणि हाताच्या कामाला मान दिला. ते काम करणाऱ्याने सभेत उभं राहून बोलावं, एवढंच आम्ही पुढे मागतो आहोत.

प्रवासभाडं, सोल्डर, वायर, कपॅसिटर आणि चहा यांसाठी देणगी हवी. रक्कम कितीही चालेल. चालू स्थितीतला मल्टिमीटर किंवा ड्रिल घरी पडून असेल तर तोही द्या. निवृत्त फोरमन, सुपरवायझर यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. अट एकच, बैठकीचा पहिला अर्धा तास गप्प बसायचं! (आमच्या अध्यक्षांना अजून जमलेलं नाही.) प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ नको.

देणगी रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत हॉलवर स्वीकारली जाईल. पावती समितीची खजिनदार मुलगी देईल आणि हिशेबही तिच्याकडेच मागावा.

आपले,
मंडळाची कार्यकारिणी
दांडिया बाजार, बडोदे