पाहण्याचा कार्यक्रम

साखळी, गोवा
रविवार, रात्री जेवणं आटोपल्यावर

चि. बायस आईचे अनेक आशीर्वाद.

सकाळी फोनवर मी बोलले ते तुला लागलं, हे फोन ठेवल्यावर कळलं. तू केवढ्या आनंदाने सांगितलंस की अमेरिकेत एमबीएला जायच्या आधीच एका कन्सल्टिंग कंपनीच्या, म्हणजे धंदेवाल्यांना सल्ला देणाऱ्या कंपनीच्या, समर प्रोग्रॅमसाठी तुझी निवड झाली, आणि मी पटकन म्हणून गेले, "म्हणजे कॉलेजची पायरी चढायच्या आधीच पाहण्याचा कार्यक्रम?" तू हसली नाहीस. बाबा मागून म्हणाले, "गे, आधी तिचं अभिनंदन तरी कर." तर बाय, आधी अभिनंदन. मनापासून. दुसऱ्या कंपनीने नाही म्हटल्याचं सांगताना तुझा आवाज बारीक झाला होता, तोही मी ऐकला.

मोबाइलवर एवढं लांब लिहायला मला जमत नाही, म्हणून कागदावर लिहिते. बाबा फोटो काढून पाठवतील. अक्षर लागलं नाही तर त्यांना विचार, मला नको.

दुपारी पर्येच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमधला एक मुलगा काजू न्यायला आला होता. दुसऱ्या वर्षाला आहे, नुकताच इंटर्नशिपहून परतलाय. त्याला बसवलं, कोकम सरबत दिलं आणि विचारलं, बाबा, हा प्रकार आहे तरी काय? तो म्हणाला, आपल्याकडे वर्ग जून-जुलैत सुरू होतात आणि उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपच्या मुलाखती दिवाळीच्या मागेपुढे उरकतातसुद्धा. अमेरिकेत वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरला भरतात आणि कन्सल्टिंगच्या मुलाखती साधारण जानेवारीत. दोन वर्षांच्या मधल्या उन्हाळ्यात आठ-दहा आठवडे इंटर्नशिप, ती चांगली झाली की नोकरी बहुधा तिथेच. म्हणजे दोन वर्षांच्या शिक्षणातलं मोठं गणित पहिल्या चार-पाच महिन्यांत सुटणार, आणि हे समर प्रोग्रॅम त्याच्याही आधी! प्रवेशाचं पत्र हातात पडतं न पडतं तोच अर्ज भरायचे. मग जून-जुलैत एक-दोन दिवस कंपनीची माणसं आपला दिवस कसा जातो ते सांगणार, एखादी सरावाची केस, म्हणजे मुलाखतीत घालतात तसलं धंद्यातलं कोडं, सोडवून घेणार, कुणाकुणाशी तुझी ओळख करून देणार. काही ठिकाणी इंटर्नशिपची मुलाखत इतरांच्या आधी देण्याची सोयही मिळते. माझी थट्टा फारशी चुकली नव्हती म्हणायची.

त्यानेच आणखी एक सांगितलं, ते मला आवडलं. अशा बऱ्याच कार्यक्रमांची सुरुवात ज्यांना या धंद्यात कुणी आत घेत नव्हतं त्यांच्यासाठी झाली. सेंट लुइसला १९६६ साली कन्सोर्टियम नावाची संस्था निघाली, कृष्णवर्णीय मुलांना मॅनेजमेंटचं शिक्षण मिळावं म्हणून. बायकांसाठी फोर्टे ही संस्था २००१ पासून आहे. २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने कॉलेजच्या प्रवेशात वंश बघायला मनाई केली, त्यानंतर काही कंपन्यांनीही आपल्या अर्जांची भाषा बदलून दार सगळ्यांना उघडं केलं. ज्याच्या घरात कुणी कोट घालून ऑफिसला गेलं नाही, त्याला आतलं घर दाखवायचं, हा मूळ हेतू. आपल्या घरात कोण गेलंय? बाबांचे टिपर आणि माझी काजूची भट्टी. म्हणून तू जा. जाऊ नको असं मी सकाळीही म्हटलं नव्हतं.

न्यूयॉर्कच्या ऑफिसात प्रत्यक्ष बोलावलं असतं तर बरं झालं असतं, असं तू म्हणालीस. त्यात जीव अडकवू नकोस. विद्यार्थी व्हिसावर कोर्स सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी त्या देशात पाऊलच ठेवता येत नाही, हे तूच मला एप्रिलमध्ये समजावलं होतंस. ऑनलाइन आहे ते तुझ्यासारखीच्या पथ्यावरच पडलं. फक्त त्यांचा दुपारचा एक म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा, आणि पावसात साडेदहाला आपल्याकडे वीज असेलच असं नाही.

आता खरं बोलते. मला बघायला आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पूर्ण वेळ पोह्यांच्या ताटल्यांकडे बघत बसले. त्या माणसांनी माझा रंग बघितला, उंची बघितली, मला सुईत दोरा ओवायला लावला. मला एकच विचारायचं होतं, लग्नानंतर बी.कॉम. पुरं करू देणार का? विचारलं नाही. बाबांनी पुढे करू दिलं, तो त्यांचा चांगुलपणा. पण तो प्रश्न माझ्या तोंडून निघाला नाही तो नाहीच. तुमच्या त्या कार्यक्रमाच्या नावातच चाचपून बघणं आहे म्हणतेस, मग चाचपायचं कुणी कुणाला? ते तुला पारखणारच, त्यात गैर काही नाही. तू मात्र ताटलीकडे बघत बसू नकोस.

सल्लागार लोक मी जवळून पाहिलेत, तू तेव्हा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर होतीस. खाणी एकदा २०१२ साली बंद पडल्या, मग थोड्या सुरू होऊन २०१८ मध्ये कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या. बाबांचे दोन्ही टिपर अंगणात उभे, टायर उन्हात तडकायला लागलेले. घर चाललं ते काजूवर, म्हणून मी कर्ज वाढवायला गेले, तर कर्ज देणाऱ्यांनी आधी सल्लागार पाठवले. तिघे आले. साहेब बोलघेवडा. त्याने माझ्या कारखान्याचे चार खण पाडले, तारा, दुभती गाय, प्रश्नचिन्ह आणि कुत्रा. नंतर तू सांगितलंस की ही युक्ती बोस्टनच्या कंपनीची, १९७० ची. माझ्या पाकळीला, म्हणजे दुभंगलेल्या गराला, आणि कणीला त्याने कुत्र्याच्या खणात घातलं आणि म्हणाला, यातून बाहेर पडा. बाहेर कशी पडू? अख्खा गर फोडताना पाकळी आणि कणी निघतेच, ती काय मी वेगळी पेरते? आणि दिवाळीच्या तोंडावर मिठाईवाला कणीच मागतो. साठ पानांचा रंगीत अहवाल दिला. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मी दोन वर्षं बायकांची हजेरी लिहिली.

पण त्यांच्यात एक मुलगी होती, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. ती बोललीच नाही. अर्धा दिवस निवडणीच्या टेबलावर आमच्या बायकांबरोबर बसली, गर हातात घेऊन बघत राहिली. जाताना मला म्हणाली, "काकी, सोमवारी तुकडा जास्त का निघतो?" मी म्हटलं, तसं काही नाही. रात्री वही काढली. चार किलो बियांतून किलोभर गर, हा आपला हिशेब, तो सोमवारीही जमत होता, म्हणून कधी लक्षच गेलं नव्हतं. वजन तेवढंच, पण अख्खा कमी आणि तुकडा जास्त. का? शनिवारी वाफवलेल्या बिया रविवारच्या सुट्टीत पडून राहायच्या, जास्त वाळायच्या आणि सोमवारी फोडताना गर तडकायचा. तेव्हापासून शनिवारी बॉयलर पेटवत नाही, शनिवार सोलणीला आणि निवडणीला. अख्ख्या ३२० नंबरच्या गराचा आणि तुकड्याचा भाव तुला माहीत आहे, तेव्हा हिशेब तूच कर. कर्ज फिटलं त्यात त्या सोमवारचा वाटा आहे.

त्या मुलीचं नाव मी विचारलं नाही, याची अजून चुटपुट लागते. अहवालावर साहेबाचं नाव होतं.

तू कुणासारखी होशील हे मी इथे बसून कसं सांगू? पण या प्रोग्रॅममध्ये तुला दोन्ही प्रकारची माणसं भेटतील. गोड बोलणारा पडद्यावर पुढे असेल. तू दुसरीला शोध, आणि तिला वेगळं गाठून विचार की तुझ्या कामाचा आठवडा खरा कसा असतो, गेल्या वर्षी घरी किती रात्री जेवलीस, आणि तुझ्याबरोबर लागलेल्यांतले किती जण अजून तिथे आहेत.

आणखी एक विचार. कुठल्या गिऱ्हाइकाचं काम नको म्हणायची मुभा आहे का? हे मी उगीच सांगत नाही. मॅकिन्झी ही सल्ला देणारी मोठी कंपनी १९२६ साली शिकागोत काढली ती हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकाने, हे तुझ्या तोंडून ऐकून मला कौतुक वाटलं होतं. त्याच कंपनीने २०२१ मध्ये, व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्या विकणाऱ्या औषध कंपन्यांना सल्ला दिला म्हणून अमेरिकेतल्या राज्यांशी ५७ कोटी डॉलरांहून जास्त रकमेची तडजोड केली. आणि आपले रजत गुप्ता, १९९४ ते २००३ त्या कंपनीचे सर्वोच्च प्रमुख, किती अभिमान होता सगळ्यांना. ते प्रमुखपद सोडून काही वर्षं झाल्यावर, एका बँकेच्या संचालक मंडळात कानावर पडलेली गोष्ट मित्राला सांगितली म्हणून २०१२ मध्ये दोषी ठरले. आपल्या खाणी बंद पडल्या तेच वर्ष, म्हणून लक्षात राहिलं. तुला घाबरवायला सांगत नाही. आपल्या साखळीच्या बाजारात भाव फुटला तर दोन पोती जातात. तुम्ही लोक ज्या खोल्यांत बसणार तिथलं माप वेगळं.

व्हिसाचंही विचार, लाजू नकोस. शिक्षणानंतर वर्षभर तिथे काम करता येतं, कोर्स स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत, धरत असतील तर आणखी दोन वर्षं. पण त्यापुढे कंपनीने तुझ्यासाठी अर्ज करायला हवा. ही कंपनी करते का, हे जुलैत कळलेलं बरं. तुझ्या शैक्षणिक कर्जावर सही माझी आहे.

बाकी केसची भीती तू बाळगू नकोस. मागे तू मला गंमत म्हणून विचारलं होतंस, गोव्यात वर्षाला किती काजू खपतात, अंदाजाने सांग. मी म्हटलं, कुठले काजू? आपल्या मातीतले, की आफ्रिकेतून बिया आणून इथे फोडलेले, की बाहेरचा गर आणून वर नारळाच्या झाडाचं चित्र छापलेले? तू म्हणालीस, आई, मुलाखतीत पहिला मार्क याच प्रश्नाला असतो. मला कुठला मार्क, तो माझा रोजचा संताप आहे. २०२३ मध्ये गोव्याच्या काजूला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तरी पणजीच्या दुकानात पर्यटक पाकीट उलटून बघत नाही.

आणि मुख्य म्हणजे, त्यांनी लवकर मुलाखत देऊ केली तर द्यायला हरकत नाही, पण त्यांनी आधी विचारलं एवढ्याच कारणाने जुलैत मन देऊन मोकळी होऊ नकोस. एमबीए करून काय काय करता येतं हे बघायला तू दोन वर्षं आणि एवढे पैसे घालते आहेस. वर्गात कुणी शेतमालाच्या साखळीचं काम केलेलं असेल, कुणी हॉस्पिटल चालवलेलं असेल. त्यांचं ऐकायच्या आधीच उत्तर ठरवलंस तर मला वाईट वाटेल. नाही म्हणणाऱ्या त्या दुसऱ्या कंपनीचं दारही त्याने बंद होत नाही. तो मुलगा सांगत होता, बहुतेक मुलं वर्ग भरल्यावरच्या नेहमीच्या रांगेतूनच आत जातात.

आता घरचं. मी रागावले त्याचं खरं कारण हे की जून संपताना तू नोकरी सोडून महिनाभर घरी येणार, त्या रात्री मी माझ्या धरल्या होत्या. चवथीला तू नसणार, माटोळी बांधायला बाबांना यंदा शेजारच्या मुलांना बोलवावं लागेल. पण वरची खोली झाडून घेतलीय, इन्व्हर्टरची बॅटरी बदलली, आणि ते दोन दिवस रात्री साडेदहानंतर खाली टीव्ही लागणार नाही, आजीलाही सांगितलंय. ती विचारत होती, रात्री बाराला कसली शाळा.

येताना चोर्ला घाटातून येणाऱ्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढू नकोस, पावसात दरड येते. उजेडी ये. आणि बंगळुरूहून झिपवाल्या पॅकिंगच्या पिशव्या आण, पाव किलोच्या, दोनशे. इथला मेला भाव कमी करत नाही.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतात, त्या कार्यक्रमाला कॅमेरा चालू ठेवावा लागतो का, कारण वरच्या खोलीत मागे पुरुमेंताच्या, पावसाळ्याच्या बेगमीच्या, बरण्या दिसतात, आमसुलं, सुकी मिरची, खारे बांगडे. मी म्हटलं, दिसू देत.