उजेडाचा नियम मुंबईत आधी होता

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला उंच इमारतींवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण त्याची सुरुवात इमारतींच्या उंचीवर बंधनं घालणाऱ्या न्यूयॉर्कच्या १९१६ च्या कायद्यापासून होते आणि मुंबई त्यात येते ती थेट १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर. मधलं सगळं गाळलंत याचा मला राग आला, म्हणून लिहितो आहे.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली इथे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही शहर सुधारणारी संस्था स्थापन झाली. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतून माणसं मरतात हे सरकारने तेव्हा डोळ्यांनी पाहिलं होतं. न्यूयॉर्कचा कायदा होण्याआधीच ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर ६३.५ अंशांच्या नियमाचा आग्रह धरत होते. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून ६३.५ अंशांत वर रेषा ओढायची आणि समोरची इमारत त्या रेषेबाहेर डोकावू द्यायची नाही. सोप्या भाषेत, मध्ये जेवढी मोकळी जागा असेल त्याच्या दुपटीहून समोरची इमारत उंच नको. आपल्याकडे उंचीचा हिशेब उजेडापासून सुरू झाला होता. एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा, नंतर आला, आणि एफएसआयला उजेड कळत नाही, त्याला फक्त चौरस फूट कळतात. आता तर मोकळी जागा कमी पडली की प्रीमियम भरून सवलत मिळते. अंधार काही त्यामुळे कमी होत नाही.

हे मी घरातून सांगतो आहे. लालबागची आमची उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) चाळ विकास नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली पुनर्विकासाला गेली. आम्हाला पुनर्वसनाच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर घर मिळालं. पक्कं घर, स्वतःचा संडास, याचं मोल मी जाणतो. पण समोर बाजारात विकायच्या घरांचा एक्केचाळीस मजली टॉवर आहे आणि मध्ये सहा मीटर जागा. ऑर यांच्या हिशेबाने तिथे बारा मीटरची, म्हणजे जेमतेम चार मजल्यांची इमारत बसते. आमच्या स्वयंपाकघरात सकाळी अकरा वाजता ट्यूब लावावी लागते.

चाळीच्या गॅलरीत साडेआठला ऊन यायचं. आई चैत्रात तिथेच जुन्या धोतरावर कुरडया घालायची. यंदा तिने हट्टाने इथे घातल्या. दुपारी टॉवरच्या काचेवर आपटून एक कवडसा आमच्या खोलीत येतो, वीसेक मिनिटं टिकतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई त्या कवडशामागे ताट सरकवत कपाटापासून दारापर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी कुरडयांना वास यायला लागला आणि तिने त्या मुकाट्याने टाकल्या. मी विकासकाच्या माणसाला हे सांगितलं तर म्हणाला, "काका, नकाशा मंजूर आहे." मंजूर असेलच. माझी तक्रार त्या मंजुरीच्या नियमांवरच आहे.

लेखात तुम्ही गिरणगावच्या चाळींना सरसकट "गलिच्छ" म्हटलं आहे, तेही मला लागलं. आमच्या चाळीचा जिना पोखरलेला होता, नळाला पाणी पहाटे चारला यायचं, हे खरं. पण दर शनिवारी प्रत्येक मजल्याच्या बायका गॅलरी धुऊन काढायच्या. गलिच्छ हा शब्द मागे घ्या.

आणि एक विनंती. पुढच्या वेळी टॉवरचा फोटो छापाल तेव्हा समुद्राच्या बाजूने काढलेला नको. फोटोग्राफरला सकाळी अकरा वाजता दोन इमारतींच्या मधल्या बोळात उभं करा आणि वर बघून फोटो काढायला सांगा. आमच्याकडे यायचं असेल तर दार उघडं आहे. फक्त लिफ्ट सोमवारपासून बंद आहे, सहा मजले चढावे लागतील.

– एक वाचक, लालबाग