रूट छापताय ना, मग त्या दिवसाची भरतीची वेळ पण छापा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत रनिंगच्या रूटवर लेख येतात ते मी अगदी आवडीने वाचते, विशेषतः शेताडीतून निघून समुद्रावर उतरणारे. स्वतः पळते म्हणून जास्तच. तसे लेख वाचून नवीन माणसं बूट घालून घराबाहेर पडतात, यासारखी चांगली गोष्ट नाही. पण एक गोष्ट खूप दिवस खटकतेय आणि आज लिहायलाच बसले. रूटबरोबर अंतर दिलेलं असतं, चढ किती ते असतं, किती वेळ लागेल ते असतं, फोटो तर असतातच, पण पाणी किती वाजता कुठवर येतं हे कधीच नसतं. अ‍ॅपवर लोक जे रूट टाकतात त्यातही नसतं.

हे मी अनुभवावरून सांगतेय. एक चौदा किलोमीटरचा रूट डाउनलोड केला होता. आधी शेतांमधली पाणंद, मग उतार, मग पुळण, मग एका कड्याच्या पायथ्याने वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर आणि तिथून बांधाबांधाने परत. पहिल्या रविवारी गेले तर स्वर्ग. ओली घट्ट वाळू, पाऊल उमटेल न उमटेल इतकी, कड्याखाली मोकळं मैदानच. पुढच्या रविवारी त्याच वेळेला परत गेले. या वेळी पाणी बरंच वर दिसत होतं, पण कड्याला लागून एक चिंचोळी पट्टी शिल्लक होती, म्हटलं पटकन निघून जाऊ. वळसा अर्धा झाला आणि पुढे पट्टीच नाही, मागे वळून बघते तर आत्ता ज्या वाळूवरून आले तीही पाण्याखाली. खडकावर चढताना शिंपल्यांच्या टरफलांनी दोन्ही तळहात फाटले आणि तिथे साडेतीन तास बसून राहिले, फोनला रेंज नाही. पण नकाशा उघडत होता, आणि माझा निळा ठिपका बरोब्बर रूटच्या रेषेवर दाखवत होता. ते दृश्य अजून डोळ्यापुढून जात नाही.

आता मुद्दा असा की आपण बहुतेकजण रविवारी, ठरलेल्या वेळेला पळणारे. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं, म्हणजे रोज ती पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत हे जवळजवळ सहा तास होतात. म्हणजे या रविवारी सकाळी ओहोटी असेल तर पुढच्या रविवारी त्याच वेळेला भरती! पंधरवड्याने पुन्हा ओहोटी. रविवारच्या लेखातला फोटो बघून जो पुढच्या रविवारी जाणार त्याला नेमकं उलटं पाणी मिळणार, हे किती साधं गणित आहे, पण मला ते तळहात फाटल्यावर कळलं.

दुसरं, पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सहा तास धरले आणि एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. खलाशी लोक हा हिशोब फार पूर्वीपासून वापरतात, अंदाजाचाच आहे, पण कामाचा आहे. पहिला तास माणूस निवांत पळतो, पाणी काही हललेलंच नाही असं वाटतं, आणि मग मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं. त्यात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीला वाळू खूप लांबवर उघडी पडते, माणूस मोहात पडतो, आणि तेच पाणी परत येताना नेहमीपेक्षा जास्त वर येतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तिचा चढउतार कमी. शिवाय वारा किनाऱ्याकडे असेल किंवा हवेचा दाब उतरलेला असेल तर तक्त्यातल्या आकड्यापेक्षा पाणी वर येऊ शकतं, म्हणून मी तरी कड्याखालून जायचं असेल तर ओहोटीच्या आधीच्या तासात जाते, म्हणजे परत फिरायलाही वेळ राहतो.

वाळूबद्दल पण कोणी नीट लिहीत नाही. कोरड्या भुसभुशीत वाळूत पळायला टणक जमिनीच्या साधारण 1.6 पट ऊर्जा लागते असं 1998 च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. म्हणजे लेखात "सपाट आठ किलोमीटर" लिहिलंत आणि वाळू कोरडी निघाली तर ते आठ आठ राहत नाहीत, नवीन माणसाच्या पोटऱ्या तिसऱ्या किलोमीटरलाच भरून येतात. ओली पट्टी घट्ट असते पण ती समुद्राकडे उतरती, एक पाय सतत खाली पडतो, त्यामुळे एका बाजूचा गुडघा कुरकुरतो. गेलो त्याच पट्टीवरून परत आलं की उतार दुसऱ्या पायाला येतो, तेवढाच तोल. आणि अनवाणी पळायची हौस असेल तर सुरुवात पाच-दहा मिनिटांनी करा, टाचेमागची शीर दुखावली की महिने जातात.

शेतांचं काय, तर तिथे पाण्याऐवजी पीक बघायचं. नकाशावरची पायवाट पेरणीनंतर असेलच असं नाही. मी स्वतः एकदा ओल्या बांधावरून पळत गेले आणि बांधाची कड ढासळली, शेतात काम करणाऱ्या मावशी काही बोलल्या नाहीत, फक्त खोरं घेऊन आल्या आणि माती परत लावायला लागल्या. मी थांबून माफी मागितली, मातीला हात लावला, पण तेव्हापासून पावसानंतर दोन दिवस बांधावर पाय ठेवत नाही. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने लोकांना बहुतेक जमिनीवरून चालायचा-पळायचा हक्क दिलाय, पण जबाबदारीने, उभ्या पिकातून नाही तर कडेकडेने. स्वीडनमध्ये पण असा जुना हक्क आहे आणि त्याचं सार एवढंच की त्रास द्यायचा नाही, मोडतोड करायची नाही. वेल्समध्ये तर 2012 पासून सगळ्या किनाऱ्याला लागून साधारण 1,400 किलोमीटरची सलग पायवाट आहे. जिथे असा हक्क किंवा वाट नाही तिथे मालकाला विचारून जावं, फाटक जसं होतं तसं लावावं, कुत्रा अंगावर आला तर पळणं थांबवून चालावं.

भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत मात्र विणीच्या दिवसांत जाऊच नका, चिखल्या पक्ष्यांची अंडी तिथे उघड्यावर असतात आणि हुबेहूब खड्यांसारखी दिसतात, पायाखाली गेलेली कळतसुद्धा नाहीत.

तर विनंती अशी. रूट छापाल तेव्हा त्याच्या शेजारी छोटी चौकट द्या. लेख येतो त्या रविवारच्या आणि पुढच्या रविवारच्या भरती-ओहोटीच्या वेळा (हे तक्ते वर्षभर आधी तयार असतात, शोधायला लागत नाहीत), पाणी आलं तर पुळणीवरून वर चढायच्या जागा कुठे कुठे आहेत, वाळू कोरडी किती आणि ओली किती, आणि सध्या शेतात काय उभं आहे. एक फोटो कमी केलात तरी चालेल. माझ्याकडे मी पळलेल्या सहा रूटच्या अशा नोंदी वहीत आहेत, वेळ आणि तारखेसकट, तुम्ही म्हणाल तेव्हा पाठवते.

आपली,
एक नियमित वाचक