स्टोरेजमधला बेदाणा काढू नका

भिवंडी, १५ जून

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

एमबीएच्या कॉलेजचं ठरलं, विषय माल साठवण्याचा आणि पोचवण्याचा. पुण्याचं नाही, बडोद्याचं. बाबा, आधी सगळं वाचा, मग फोन करा.

पुण्याला मी स्वतः जाऊन आले. बारा लाख फी, काचेची इमारत आणि माहितीपत्रकावर ‘१०० टक्के प्लेसमेंट’. गेल्या वर्षीची मुलं कुठं लागली, एवढंच विचारलं, तर यादी दाखवेनात. मग जुनी दोन मुलं गाठली. एक विमा विकतोय, दुसरा कर्जं. गोदाम दोन वर्षांत एकदाच पाहिलं म्हणे, तेही ग्रुप फोटोपुरतं.

पवईची आयआयएम, म्हणजे २०२३ पर्यंतची निटी, या विषयात मोठं नाव. पण कॅट या प्रवेश परीक्षेत माझे तेवढे मार्क नाहीत, विषय संपला. बडोद्याचं गतिशक्ती विश्वविद्यालय रेल्वे मंत्रालयाच्या हाताखालचं, २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठ. भिवंडीच्या नोकरीमुळं मला गोदाम कळतं. माल गोदामातून निघाल्यावर रेल्वेत आणि बंदरात त्याचं काय होतं, ते कळत नाही. ते तिथं शिकायचंय.

‘ट्रक भरायला एमबीए कशाला?’ असं तुम्ही म्हणालात. बाबा, वाळवणीच्या शेडवरून उतरलेला बेदाणा तुम्ही तासगावच्या कोल्ड स्टोरेजला ठेवता आणि दिवाळीच्या भावाची वाट बघता. महिन्याचं भाडं, सोसायटीच्या कर्जाचं व्याज, रंग काळवंडला तर पडणारा भाव, याची बेरीज वहीत कधी मांडलीत? किलोमागे किती रुपये चढले तर थांबणं परवडतं, हे तुम्ही अंदाजानं ठरवता. (बऱ्याचदा बरोबर ठरवता, तेही खरं.) आमच्या विषयात त्यावर अख्खं प्रकरण आहे: माल धरून ठेवण्याचा खर्च. वाचताना स्टोरेजच्या पावत्याच डोळ्यांपुढं आल्या. २०१७ ला जीएसटी आल्यावर कंपन्यांनी कर वाचवायला राज्याराज्यांत ठेवलेली छोटी गोदामं मोडून भिवंडीसारख्या ठिकाणी मोठी केली, ती याच हिशेबानं. माझी ही नोकरीसुद्धा त्यातलीच.

आई, मिरजेहून बडोद्याला थेट गाडी आहे. गायकवाडांचं गाव, मराठी बोलणारी माणसं भेटतील. पत्रिका मात्र दोन वर्षं कपाटातच राहू दे.

आता मुद्द्याचं. फीला माझे साठलेले पैसे आणि बँकेचं शैक्षणिक कर्ज पुरतंय. मावशी सांगत होती, बाबांनी गेल्या आठवड्यात अडत्याला फोन केला होता. आत्ता भाव पडलाय, माझ्यापायी एकही बॉक्स काढू नका. विकायचाच झाला तर आधी मला भाडं, व्याज आणि आजचा भाव कळवा. रविवारी फोनवर बसून मांडू.

तुमची,
ताई