मंत्रीसाहेब, या शब्दांची एकदा चित्रं काढून घ्या

मा. मराठी भाषा मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना खुलं पत्र

साहेब, नमस्कार.

कुणी मंत्री झाला की पेपरात ठरलेली ओळ येते, 'खात्याची धुरा हाती घेतली'. ही धुरा मुळात बैलगाडीची. मानेवरचं जू, चाकोरी, खीळ सगळं तिथलंच, आणि फाईल हलायला वंगण लागतं हे मी तुम्हाला काय सांगणार. राजकारणात शिरलेले गाडीचे शब्द मजेत आहेत, त्यांची काळजी नाही. मरतायत ते तुंबा, धाव, कुणी, शिवळ, वेठण असले शब्द, कारण त्यांना भाषणात जागा मिळाली नाही.

लाकडी चाक डोळ्यासमोर आणा. मध्ये बाभळीचा जाड तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर वाकदार लाकडी पाटे जोडून केलेला गोल आणि त्या गोलावर लोखंडी धाव. तुंब्यातून आस जाते आणि चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला 'कुणी' नावाची खीळ ठोकतात. ही धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची, मग जाळात लाल होईपर्यंत तापवायची म्हणजे ती वाढते, तशीच सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि घणाचे ठोके देत देत लगेच पाणी ओतायचं, चर्र आवाज होऊन धूर निघतो, लोखंड आक्रसतं आणि सगळे सांधे असे आवळून धरतं की खिळ्याची गरजच उरत नाही. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की तीच धाव सैल पडते, मग चाक पाण्यात टाकून फुगवायचं. सुताराचं आणि लोहाराचं माप जुळलं नाही तर दोघांची मेहनत वाया. पदार्थ तापला की प्रसरण पावतो हे शाळेत रेल्वेच्या रुळांवरून शिकवतात, धाव कुणाला आठवत नाही.

आता म्हणाल शब्दकोशात हे सगळं आहे की. आहे ना. मोल्सवर्थचा कोश 1831 चा, सुधारून 1857 ला परत निघाला, दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड 1932 ते 1938 मध्ये आले, त्या लोकांनी गावगाड्यातलं वेचून वेचून ठेवलंय आणि त्यांना हात जोडावेत तेवढे थोडे. पण गाडीच ज्याने पाहिली नाही त्याने 'गाडीचा एक भाग' किंवा वेठण म्हणजे 'जू बांधायचा दोर' एवढं वाचून काय समजायचं? तो दोर कुठून कुठे जातो, गाठ कुठे पडते, शिवळ नावाची खुंटी जुवाच्या कुठल्या भोकात जाते, हे शब्दांत लिहून कळत नाही, तिथे चित्रच पाहिजे. पुन्हा धाव म्हणजे चाकाची लोखंडी पट्टी आणि धाव म्हणजे विहिरीतून पाणी काढणाऱ्या मोटेचे बैल ज्या उतारावरून जातात तीसुद्धा, चित्र नसेल तर नवीन पोरगं गोंधळणारच.

त्यात दर मुलखाचे शब्द वेगळे. विदर्भात बंडी, रेंगी, खाचर, दमणी, इकडे छकडा, बसायची सारवट गाडी, मुंबईत घोड्याची शिग्राम. मोटेचं चाक, कणा, नाडा, सोंदूर हा आणखी वेगळा संसार. आता ऊस वाहायला टायरगाडी आली, तिला बेअरिंग असतं, त्यामुळे धाव गेली, आरे गेले आणि वंगणाचं लटकतं नळकांडंही गेलं. वस्तू गेली त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, बैलाच्या मानेला हलकं झालं तर चांगलंच आहे.

3 ऑक्टोबर 2024 ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, आपण सगळे नाचलो. मग हे बघा, आस म्हणजे संस्कृतातला अक्ष, आरा म्हणजे अर, जू म्हणजे युग. इंग्रजीतले अ‍ॅक्सल आणि योक हे आपल्या आस आणि जू यांचे चुलतभाऊ, एकाच मुळातून आलेले. एवढं जुनं नाणं खिशात असून 2021 पासून मराठीतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी मिळाल्यावरही आपण वर्गात अ‍ॅक्सल, हब, स्पोकच म्हणणार? सायकलवाला बघा, त्याला कुठल्या समितीने सांगितलं नाही तरी तो आऱ्या बदलतो आणि चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढतो, एक शब्द घरचा, एक बाहेरचा, काम चालू.

बैलगाडा शर्यतीसाठी सरकारने 2017 मध्ये कायदा बदलला, सर्वोच्च न्यायालयात लढलं आणि 2023 मध्ये जिंकलंसुद्धा. त्या हिमतीचा चिमूटभर भाग इकडे वळवा. मागणी साधी आहे. भाषा संचालनालय किंवा राज्य मराठी विकास संस्था, ज्यांना जमेल त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यातले म्हातारे सुतार, लोहार आणि मोट हाकलेले शेतकरी गाठायचे, प्रत्येक भागाचं रेखाचित्र काढायचं, त्यावर तिथला शब्द त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करायचा आणि सगळं नेटवर फुकट टाकायचं. प्राध्यापकांची समिती नंतर बसवा, आधी ड्रॉईंग येणारी आयटीआयची पोरं पाठवा. आणि तुंबा का माथा असला प्रमाण शब्दाचा वाद घालू नका, दोन्ही लिहा.

'आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी पाठवले आहे' एवढंच उत्तर आलं तरी चालेल, फक्त कुठल्या टेबलावर पाठवलं ते लिहा, म्हणजे मला तिकडे फोन करता येईल.

आपला,
एक मराठी वाचक