बाबा, सिस्टरना सांगत जा

ती. आई-बाबांस सा. नमस्कार,

आई, परवा तू फोनवर म्हणालीस, "हे मशीनवर नुसते गप पडून असतात गो." ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

बाबा, मी रोज डायलिसिसच्या वॉर्डात काम करते. जास्त काळजी मला गप्प राहणाऱ्या पेशंटचीच वाटते. चार तासांत किती पाणी काढलं ते मशीन दाखवतं, पण पोटरीत गोळा येतोय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, हे तुम्ही सांगितल्याशिवाय कोणाला कळणार? वेळेवर सांगितलंत तर सिस्टर पाणी काढण्याचा वेग कमी करतील, गरज पडली तर सलाईन देतील. सोसत राहिलात तर बीपी उतरतं आणि मग रत्नागिरीहून पावसपर्यंत एसटीत बसवत नाही. त्यांना त्रास होईल म्हणून तुम्ही बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. पण विचारपूस हेच तर त्यांचं काम आहे, बाबा.

खाजेचंही तसंच. नुसतं खोबरेल चोळून गप्प बसू नका. फॉस्फरस वाढला तरी खाज सुटते. त्यासाठी दिलेल्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यायच्या. हातावरच्या फिश्चुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला जोडून दिलेल्या शिरेवर, रोज सकाळी बोटं ठेवून थरथर बघा. लागली नाही तर पुढच्या वाराची वाट न बघता लगेच सेंटरला फोन करा. त्या हाताने विहिरीवरची कळशी उचलायची नाही.

आई, भेटायला येणारे मायेने शहाळी आणतात, ती बाबांना देऊ नकोस. त्यातल्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. परसातली पाच कंगोऱ्यांची करमळं तर मुळीच नकोत, किडनीच्या पेशंटला ती विषासारखी बाधतात. सुका बांगडाही बंद; मिठाने तहान वाढते. पेज, आमटी, चहा सगळं दिवसाच्या पाण्यातच मोज. ताजी मासळी मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलीय तेवढी जरूर दे, कारण डायलिसिसमध्ये थोडी प्रथिनंही निघून जातात.

आणि बाबा, तुम्ही भजनाला जायचं सोडलंत म्हणे. रात्री डोळा लागत नाही, कशात मन रमत नाही, हेसुद्धा दुखण्यातच धरायचं असतं आणि त्यावरही उपाय आहेत. मंगळवारी सिस्टर वजन करायला बोलावतील तेव्हा आधी हे सांगा. तुम्हाला संकोच वाटला तर आई सांगेल.

तुमची,
बेबी