चाल कुणाची?

मिरज,
रविवार, रात्रीचे अकरा

प्रिय ढोलकीसम्राट,

दिवाळीत भडंग खाता खाता तू एक वाक्य टाकलंस आणि पुण्याची गाडी पकडून मोकळा झालास. "आता नवं गाणं होतच नाही रे, सगळे साच्यातले गणपती." तेव्हा मी गप्प बसलो. एक तर तोंड भरलेलं होतं, आणि दुसरं म्हणजे त्या गणपतींच्या कारखान्यातला एक कामगार मीच आहे. पण ते वाक्य दाढेत अडकलेल्या शेंगदाण्यासारखं अजून टोचतंय, म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

गेल्या महिन्यात विट्याकडचा एक बैलवाला आला होता. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिल्यापासून माझं निम्मं घर बैलांच्या गाण्यांवर चालतं. थट्टा नाही. वाढदिवसाची आणि प्रचाराची गाणी असतातच, पण ती माणसं पैशाला घासाघीस करतात. बैलाचा मालक करत नाही. आला, बसला, मोबाईल पुढं केला. "ह्या गाण्यागत पायजे. डिट्टो. पण आपलं वाटलं पायजे."

लेका, सगळा धंदा या एका मागणीत आला बघ.

साचा माझ्या हाताखाली तयारच असतो. आठ मात्रांचा हलगीचा लूप (एकदा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा फिरवायचा तुकडा), त्यावर कीबोर्डातली सनई, पहिल्या पंधरा सेकंदांत बैलाचं नाव चारदा. 'नाद', 'गुलाल' आणि 'मैदान' हे शब्द कुठंतरी यायलाच हवेत. दुसऱ्या कडव्यात मालक, शेवटी गाव. दोन तासांत गाणं झालं. मालक खूश होऊन चहा पाजून गेला. आणि रात्री तुझं वाक्य आठवून मला झोप लागेना.

त्याच सुमारास वडिलांची ट्रंक आवरताना 'शारदा'चं जुनं पुस्तक हाती आलं. देवल आपल्या हरिपूरचे, नाटक १८९९ सालचं, हे तुला मी सांगायला नको. कॉलेजात संगमावर बसून तूच मला ऐकवायचास. पण एक गोष्ट मी कधी नीट पाहिली नव्हती. पदांच्या डोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, 'चाल : अमुक अमुक'. म्हणजे हे पद कुठल्या आधीच्या गाण्याच्या चालीवर बांधलंय, ते वाचणाऱ्याला सरळ सांगून टाकलेलं. चोरी नाही, लपवाछपवी नाही, उसनवारीची पावतीच म्हण.

त्या काळाची रीतच ती होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हा कीर्तनातल्या साक्या-दिंड्या आणि कानडी मुलखातल्या चाली उचलल्याच होत्या. आधी चाल, मग शब्द. १९११ च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी पूरबकडची ठुमरी आणून बसवली. आज आपण ज्याला अस्सल मराठी नाट्यसंगीत म्हणून उराशी धरतो, त्यातलं बरंचसं असं गावोगावचं उसनं आहे. आणि नागठाण्याचे बालगंधर्व तेच पद एका रात्रीत वन्समोअरवर वन्समोअर घेऊन म्हणायचे आणि लोक दर वेळी नव्यानं हलायचे. चाल तीच, पद तेच. मग नवं काय होतं, सांग ना.

इथं तू म्हणशील, बालगंधर्वांची गोष्ट वेगळी. असेल. मग आपली सांगतो.

युवा महोत्सवातलं आपलं समूहगीत आठव. 'स्वतंत्र चाल' म्हणून परीक्षकांनी पाठ थोपटली आणि तू स्टेजवरच माझ्या पाठीत गुद्दा घातलास. एवढी वर्षं तुला सांगितलं नाही, ती चाल माझी नव्हती. आजी जात्यावर म्हणायची त्या ओवीची ती चाल. मी फक्त लय दुप्पट केली आणि तू खाली ढोलकी लावलीस. आजी पहिल्या रांगेत होती. घरी आल्यावर म्हणाली, "माझी ओवी पळवलीस की रे भाड्या." मी लाजलो तर हसायला लागली. "मी तरी कुठं केली? जतला असताना शेजारीण म्हणायची, कानडीत." त्या शेजारणीनं कुणाची उचलली, कुणास ठाऊक. ढाल अजून माझ्या कपाटात आहे. तुझा निम्मा वाटा पाहिजे तर घेऊन जा.

तिकडं अमेरिकेत हीच भांडणं कोर्टात जातात. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनवर १९७६ मध्ये न्यायाधीशांनी ठपका ठेवला, की जुन्या गाण्याची चाल तू नकळत उचललीस. नकळत! म्हणजे आजीची ओवी डोक्यात राहिली हाही गुन्हा. इंग्लंडचा गायक एड शीरन मात्र अशाच खटल्यातून २०२३ मध्ये सुटला. त्यानं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गिटार वाजवून दाखवली, की हे चार कॉर्ड सगळ्यांचेच आहेत. ते मला पटलं. पण २०१५ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात गायक मार्व्हिन गेच्या वारसांना ज्युरीनं सत्तर लाखांहून जास्त डॉलर देऊ केले, आणि तिथं वाद चालीपेक्षा गाण्याच्या एकूण ढंगाचाच जास्त होता. पुढं रक्कम कमी झाली म्हणा. हा न्याय इकडं लावला तर लावणी म्हणणारी निम्मी माणसं आत जातील, आणि रेठऱ्याच्या पठ्ठे बापूरावांनंतर ढोलकीवर हात टाकणारे तुझ्यासारखे तर पहिल्यांदा.

आता तुझं जे खरं आहे ते कबूल करतो. बाजारानं गाणं कापणं नवं नाही. आपल्या मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब. तासभर चालणारा ख्याल त्यांनी तबकडीच्या तीन-सव्वातीन मिनिटांत बसवला. तबकडीत तेवढंच मावत होतं. पण त्या तीन मिनिटांत एक सूर वाया गेलेला नाही, ऐक परत कधीतरी. आता काय झालंय, की तीस सेकंद ऐकलं तरच स्पॉटिफाय ते ऐकल्यात धरतं. अमेरिकेतल्या एका संशोधकानं गाजलेली गाणी मोजून पाहिली. ऐंशीच्या दशकात गायकाचा आवाज यायला वीस सेकंदांहून जास्त लागायचे, २०१५ पर्यंत ते पाचावर आले. खाँसाहेबांना तबकडीनं घाई करायला लावली. आम्हाला ऐकणाऱ्याचा अंगठा घाई करायला लावतो. पहिली घाई मला चालते. दुसरीत दम लागतो.

आणि खरी खंत साच्याची नाहीच, लूपची आहे. एका पेन ड्राइव्हवर आलेली हलगी सांगलीपासून साताऱ्यापर्यंत सगळ्या गाण्यांत वाजतेय. तोच हात, तीच थाप. साचा पूर्वीही एकच होता, पण हलगी शेकोटीवर कोण किती शेकतो यावर तिचा आवाज ठरायचा. गावागणिक हात वेगळा असायचा.

म्हणून एक उद्योग केला. बैलवाल्याला न विचारता जवळच्या गावातल्या एका म्हाताऱ्या हलगीवाल्याला बोलावलं. त्यांनी लूप ऐकला, तोंड वाकडं केलं, गच्चीवर पालापाचोळा पेटवून हलगी शेकली (खालच्या काकू आग लागली म्हणून धावत वर आल्या) आणि वाजवायला बसले. अंतऱ्यात मी आजीची ओवी घातली. तिथं त्यांनी अर्धी मात्रा अशी काही मागं ओढली, की मला वाटलं चुकले. परत वाजवायला लावलं, परत तिथंच ओढली. "बैल सुटायच्या आधी माती उकरतो का न्हाई?" म्हणाले. बस्स, एवढंच.

मालकाला दोन्ही गाणी दिली. डॉल्बीवर लावायला त्यानं लूपवालंच घेतलं, ते ठरलेलंच होतं. हलगीवालं मी माझ्या यूट्यूबवर टाकलं आणि खाली, देवलांच्या पुस्तकागत, एक ओळ लिहिली : 'चाल : जतची'.

काल रात्री मालकाचा फोन. आवाज एकदम हळू, आदबशीर.

"दादा, आमच्या पाखऱ्याची चाल जतची हाय, हे तुमी नुसतं व्हिडिओवर बघून वळखलं? खोंड असताना जतच्या जत्रंतनंच आणला हुता वो त्याला. कुणाला ठावं न्हाई."

मी म्हणालो, "चालीवरनं कळतंय की."

या महिन्यात येणार असशील तर ढोलकी घेऊनच ये. पुढचा बैल आटपाडीचा आहे.

तुझाच,
पेटीवाला